रीस्टार्ट केले की सगळे सुरळीत होते, पण का? (व्हार्निश, ५०३ आणि शिळी पाने)

उत्तररात्र
नमस्कार. एका मध्यम आकाराच्या बातम्यांच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. रचना साधी आहे. पुढे विनंत्या यंत्रांमध्ये वाटणारा एक लोड बॅलन्सर आहे आणि टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, तिथेच संपते. त्यामागे व्हार्निशची, म्हणजे पानांच्या प्रती कॅशमध्ये साठवून त्या वाचकांना देणाऱ्या प्रणालीची, दोन यंत्रे आहेत आणि त्यांच्यामागे अपाची चालवणारे दोन वेब सर्व्हर आहेत. कॅशमधून उत्तर मिळण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे मागच्या सर्व्हरवर ताण जवळपास नसतो. असे असूनही गेले दोन महिने दोन तक्रारी सतत येत आहेत.

पहिली तक्रार अशी की, संपादक बातमी दुरुस्त करतात, पण वाचकांना कधी जुने पान दिसते आणि कधी नवे. पान पुन्हा लोड केले की नवे दिसते, आणखी एकदा केले की परत जुने. दुसरी तक्रार अधिक त्रासदायक आहे. दिवसातून पाच-सात वेळा, आणि बहुतेक करून रात्री, "बॅकएंड फेच फेल्ड" (मागच्या सर्व्हरकडून पान आणता आले नाही) असा ५०३, म्हणजे सेवा उपलब्ध नसल्याचा दोष, येतो. त्या वेळी मागचे सर्व्हर पाहावेत तर ते अगदी निवांत असतात आणि त्यांच्या एरर लॉगमध्ये काहीही नसते.

दोन्ही व्हार्निश रीस्टार्ट केले की दोन्ही तक्रारी थांबतात. काही तासांनी त्या पुन्हा सुरू होतात. आता वरिष्ठांचे म्हणणे आहे की रोज रात्री आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय करून टाकावी. माझे मन त्याला तयार नाही, पण दुसरा उपायही माझ्याजवळ नाही. कॅशची मेमरी कमी पडत असेल का?

कंदील
मेमरी दुप्पट करून पाहा. आमच्याकडे अशाच लक्षणांवर तोच उपाय लागू पडला होता.

लॉगवाचक
कंदील यांच्या सूचनेशी मी सहमत नाही. मेमरी कमी पडते आहे की नाही हे अंदाजाने ठरवण्याची गरजच नाही, कारण व्हार्निश ते स्वतः मोजून सांगतो. व्हार्निशस्टॅट या त्याच्या आकडेवारीच्या साधनात एन-एलआरयू-न्यूक्ड नावाचा मोजणीचा आकडा असतो. नव्या वस्तूला जागा करून देण्यासाठी किती जुन्या वस्तू मुदतीआधी बाहेर काढाव्या लागल्या, ते तो दाखवतो. हा आकडा वाढत नसेल तर मेमरी कितीही वाढवली तरी काही फरक पडणार नाही. शिवाय मेमरी कमी पडली तर पाने लवकर बाहेर जातात, म्हणजे वाचकाला ताजे पान लवकर मिळते. शिळे पान दिसण्याच्या तक्रारीशी तिचा संबंध जुळत नाही.

आता रीस्टार्टबद्दल. व्हार्निशचा सविस्तर लॉग डिस्कवर जात नाही. तो मेमरीतल्या ठरावीक जागेत गोल फिरत लिहिला जातो, आणि ही जागा मुळात ८० एमबी असते. नव्या नोंदी जुन्या नोंदींवर लिहिल्या जातात आणि रीस्टार्ट केले की सगळ्याच नोंदी जातात. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही दोष "दुरुस्त" करता, त्याच क्षणी तो कशामुळे आला हे सांगणारा एकमेव पुरावा पुसता. दोन महिने हा प्रश्न सुटला नाही याचे मला तरी हेच कारण दिसते.

म्हणून आधी रीस्टार्ट करणे थांबवा. पार्श्वभूमीवर व्हार्निशलॉग हे नोंदी दाखवणारे साधन सतत चालू ठेवा, त्याला फक्त ५०३ उत्तरांची गाळणी लावा, नोंदींचा गट विनंतीनुसार करा आणि त्या फाइलमध्ये लिहून ठेवा. शिळ्या पानासाठी त्याहून सोपी तपासणी आहे. ब्राउझर बाजूला ठेवा, कारण त्याचा स्वतःचा कॅश मध्ये येतो आणि दिशाभूल करतो. कर्ल हे आज्ञा देऊन पान मागवण्याचे साधन वापरून एकच पान दर सेकंदाला एकदा असे आठ-दहा वेळा मागवा, आणि प्रत्येक उत्तरातील एज आणि एक्स-व्हार्निश हे दोनच हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी, इथे द्या.

पायवाट
लॉगवाचक यांना पूर्ण अनुमोदन. रात्रीच्या रीस्टार्टबद्दल एक भर घालतो. कॅश रिकामा झाला की पुढची काही मिनिटे प्रत्येक विनंती मागच्या सर्व्हरवर जाते. ज्यांनी कित्येक महिने दहापैकी एकच विनंती पाहिली आहे, त्यांना एकदम दहाच्या दहा पेलाव्या लागतात. रात्री वाचक कमी असतात म्हणून हे खपून जाते. एखाद्या रात्री मोठी बातमी आली आणि नेमके तेव्हाच ठरल्या वेळी रीस्टार्ट झाले, तर संकेतस्थळ आपल्याच हाताने पाडल्यासारखे होईल.

नियमांची फाइल बदलायची असेल तरीही रीस्टार्ट लागत नाही. नवी व्हीसीएल, म्हणजे हीच नियमांची फाइल, चालत्या व्हार्निशमध्ये लोड करून वापरात आणता येते आणि साठवलेली पाने जागची हलत नाहीत. अनेकांना हे ठाऊक नसते आणि प्रत्येक छोट्या बदलासाठी भरलेला कॅश ओतून दिला जातो.

दुसरी_बाजू
माझे मत थोडे वेगळे आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्येही कॅश आहे. पुढचा लोड बॅलन्सर, टीएलएस आणि कॅश हे सगळे एकाच ठिकाणी आले तर शोध घेण्याची ठिकाणे कमी होतात. तिथे अपस्ट्रीम-कॅश-स्टेटस हे व्हेरिएबल उत्तराच्या हेडरमध्ये आणि अॅक्सेस लॉगमध्ये घातले की प्रत्येक विनंतीचे काय झाले, हिट, मिस, बायपास, एक्स्पायर्ड, स्टेल की अपडेटिंग, हे एका शब्दात कळते. आम्ही तीन वर्षांपूर्वी तिकडे गेलो आणि समाधानी आहोत.

लॉगवाचक
एनजिनएक्सबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु कारण कळण्याआधी साधन बदलले तर तोच दोष नव्या घरात सोबत येण्याची शक्यता मोठी असते. इथे दोन यंत्रे आहेत, पाने पुसण्याची काही व्यवस्था आहे आणि मागच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडे ठेवले जाते. एनजिनएक्स आणले तरी या तिन्ही गोष्टी तशाच राहतील.

उत्तररात्र
सर्वांचे आभार. एन-एलआरयू-न्यूक्ड शून्य आहे, त्यामुळे मेमरीचा विषय मी बंद करतो.

आज सकाळी एक बातमी दुरुस्त केल्यानंतर कर्लने ते पान सहा वेळा मागवले. एजचे आकडे ओळीने असे आले: ४१, ३१०८, ४३, ३११०, ४५, ३११२. एक्स-व्हार्निशमध्ये प्रत्येक वेळी दोन क्रमांक होते. त्यातला पहिला दरवेळी नवा होता. दुसरा मात्र आलटून पालटून दोनच ठरावीक क्रमांकांपैकी एक होता.

५०३ साठी लॉग लावून ठेवला आहे आणि रात्रीची वाट पाहतो आहे.

लॉगवाचक
तुमच्या पहिल्या तक्रारीचे उत्तर या सहा आकड्यांत आले आहे.

एज म्हणजे ते उत्तर कॅशमध्ये येऊन किती सेकंद झाले. एकाच साठवलेल्या पानाचे एज दर सेकंदाला एकाने वाढायला हवे. तुमच्याकडे एकाच दोरीत दोन धागे दिसत आहेत: ४१, ४३, ४५ हा एक आणि ३१०८, ३११०, ३११२ हा दुसरा. प्रत्येक धागा स्वतःपुरता बरोबर चालतो आहे. म्हणजे एकाच पानाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. एक प्रत पाऊण मिनिटापूर्वी, तुमच्या दुरुस्तीनंतर, आणलेली आहे आणि दुसरी बावन्न मिनिटांपूर्वीची आहे. एक्स-व्हार्निशही हेच सांगतो. उत्तर कॅशमधून आले असेल तर त्यात दोन क्रमांक असतात, पहिला या विनंतीचा आणि दुसरा ज्या विनंतीने ते पान मुळात आणले तिचा. दुसऱ्या जागी दोनच क्रमांक आलटून पालटून येतात, याचा अर्थ लोड बॅलन्सर तुम्हाला एकदा एका व्हार्निशकडे पाठवतो आणि एकदा दुसऱ्याकडे.

आता एकच प्रश्न. बातमी दुरुस्त झाल्यावर तुमची लेखनप्रणाली पान पुसण्याचा आदेश, म्हणजे पर्ज, कोणत्या पत्त्यावर पाठवते?

उत्तररात्र
आत्ता पाहिले. ती संकेतस्थळाच्या नावावरच पाठवते, म्हणजे लोड बॅलन्सरमार्फत. त्यामुळे तो आदेश दोनपैकी एकाच व्हार्निशला मिळतो आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पूर्वी व्हार्निश एकच होता आणि दुसरा दोन महिन्यांपूर्वीच जोडला. तारखा नेमक्या जुळतात. इतकी समोरची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, कारण प्रत्येक वेळी मी दोन्ही यंत्रे एकदम रीस्टार्ट करत होतो आणि दोन्हींतली शिळी प्रत एकदमच जात होती.

पायवाट
पर्जचा आदेश दोन्ही यंत्रांना त्यांच्या स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावर स्वतंत्रपणे पाठवा आणि व्हीसीएलमधील परवानगीच्या यादीत लेखनप्रणालीचा पत्ता आहे ना, ते तपासा. तसेच लोड बॅलन्सरवर बाहेरून येणारा पर्ज बंद करा, कारण तो कोणालाही पाठवता आला तर कोणीही तुमचा कॅश रिकामा करू शकेल.

पण यावर मी फार काळ विसंबून राहणार नाही. दोनपैकी एक यंत्र काही मिनिटे बंद असेल किंवा मधले नेटवर्क तुटले असेल, तर आदेश हरवेल आणि तक्रार परत येईल. पानांची मुदत एक मिनिटावर आणली तर पर्जची गरजच उरत नाही. बातमी जास्तीत जास्त एक मिनिट शिळी राहील, आणि मागच्या सर्व्हरवर प्रत्येक पानासाठी मिनिटाला एकेका यंत्राकडून एकच विनंती जाईल.

बारकावे
पायवाट यांच्या एका मिनिटाच्या उपायात एक खाच आहे आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. व्हार्निशमध्ये मुदतीखेरीज ग्रेस नावाचा काळ असतो. मुदत संपली तरी ग्रेस शिल्लक असेल, तर पहिल्या वाचकाला शिळे पान लगेच दिले जाते आणि नवे पान पार्श्वभूमीवर आणले जाते. मुळात हा काळ १० सेकंदांचा असतो. मागचे सर्व्हर पडले तरी पाने दिसत राहावीत म्हणून आम्ही तो सहा तास केला होता. हेतू चांगला होता. परंतु ज्या पानावर तासन् तास कोणी फिरकत नाही, तिथे पाच तासांनी येणाऱ्या पहिल्या माणसाला पाच तासांपूर्वीचे पान मिळू लागले, आणि तो पहिला माणूस बहुतेक वेळा स्वतः संपादकच असायचा.

यावरचा उपाय असा. साठवताना ग्रेस मोठा ठेवावा, पण विनंती येते त्या वेळी मागचा सर्व्हर ठणठणीत आहे का ते पाहावे. ठणठणीत असेल तर त्या विनंतीपुरता ग्रेस १० सेकंदांवर आणावा आणि तो पडलेला असेल तरच पूर्ण सहा तास वापरावा. यासाठी सर्व्हरची नाडी तपासणारा प्रोब लावलेला असणे अर्थातच आवश्यक आहे. प्रोब नसेल तर व्हार्निश प्रत्येक सर्व्हरला ठणठणीतच समजतो.

नवी_पालवी
मी या विषयात नवीन आहे, म्हणून एक मूलभूत शंका विचारते. आमच्या संकेतस्थळावर कॅशमधून उत्तर मिळण्याचे प्रमाण अचानक सत्तर टक्क्यांवरून दहाच्या आत आले आहे. सर्व्हरवर कोणीही काही बदललेले नाही. तरीही असे होऊ शकते का?

बारकावे
होऊ शकते. बदल बहुतेक सर्व्हरवर झालेला नसून पानातील जावास्क्रिप्टमध्ये झालेला असेल. कोणी वाचकांची मोजदाद करणारी किंवा जाहिरातींची नवी स्क्रिप्ट लावली आहे का, ते विचारा. अशा स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये कुकी ठेवतात, ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत पाठवतो, आणि विनंतीत कुकी दिसली की व्हार्निशचे अंगभूत नियम तिला कॅशला वळसा घालून थेट मागे पाठवतात. कुकी म्हणजे ओळख आणि ओळख असेल तर उत्तर खासगी असू शकते, हा त्यामागचा विचार आहे आणि तो सावधपणाचा आहे. सर्व्हरला ज्या कुकीची खरोखर गरज आहे तेवढीच, म्हणजे लॉगिनची, ठेवा आणि बाकीच्या विनंती आत येतानाच काढून टाका. पत्त्याच्या शेपटीला लागणारे यूटीएम किंवा एफबीसीएलआयडी यांसारखे मोजदादीचे शब्दही तसेच काढा. त्यांच्यामुळे एकाच पानाचे हजार वेगळे पत्ते होतात आणि प्रत्येक पत्त्याला वेगळी प्रत लागते.

शेवटची_ओळ
कुकीचा विषय निघाला आहे म्हणून एक इशारा देतो, आणि तो मनापासून देतो. प्रमाण वाढवण्याच्या भरात काही जण याच्या उलट बाजूला जातात आणि सर्व्हरच्या उत्तरातील सेट-कुकी हेडरकडे दुर्लक्ष करून ते उत्तर साठवण्याचा नियम लिहितात. ज्या ठिकाणी मी पूर्वी काम करत होतो तिथे हे घडले. एका माणसाच्या लॉगिनचे उत्तर त्याच्या कुकीसकट कॅशमध्ये बसले आणि पुढची दोन मिनिटे ते पान मागणारा प्रत्येक जण त्या माणसाच्या खात्यात शिरला. दोनच मिनिटे, परंतु त्या दोन मिनिटांत एका अनोळखी माणसाचा पत्ता आणि जुने व्यवहार किती जणांनी पाहिले ते आम्हाला शेवटपर्यंत सांगता आले नाही. त्या माणसाला फोन करून हे कळवण्याचे काम माझ्याकडे आले होते. ते बोलणे मी आजही विसरलेलो नाही.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानावर हल्ला होत असताना घाईने कॅशचे नवे नियम लावले गेले आणि त्यात लॉगिन केलेल्या लोकांची पानेही साठवली गेली. साधारण दीड तास लोकांना एकमेकांची पाने दिसत होती, आणि सुमारे ३४ हजार लोकांची माहिती अशी उघडी पडली असावी, असे ती सेवा चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नंतर स्वतः सांगितले.

म्हणून माझी विनंती आहे की कॅशचा नियम लिहिताना "काय साठवू नये" याची यादी करू नका. "काय साठवावे" याची यादी करा, आणि तिच्याबाहेरचे सगळे सोडून द्या.

कंदील
शेवटची_ओळ यांनी लिहिलेले वाचून आमची व्हीसीएल उघडून पाहिली. खासगी पाने साठवली जाऊ नयेत म्हणून आम्ही त्यांची मुदत थेट शून्य केली आहे. हे पुरेसे आहे ना?

लॉगवाचक
ग्रेसही शून्य असेल तर गुप्ततेच्या दृष्टीने चालेल, पण वेगाच्या दृष्टीने घातक आहे. एकाच पत्त्यासाठी अनेक विनंत्या एकदम आल्या तर व्हार्निश पहिलीला मागे पाठवतो आणि बाकीच्यांना रांगेत थांबवतो, कारण पहिलीचे उत्तर सर्वांना वाटता येईल अशी त्याची अपेक्षा असते. ते उत्तर शून्य मुदतीचे निघाले की वाटता येत नाही, मग रांगेतली पुढची विनंती मागे जाते आणि बाकीच्या पुन्हा थांबतात. सर्व्हर रिकामा बसलेला असतो आणि वाचक मात्र एकामागे एक ताटकळतात. शून्य मुदत देण्याऐवजी ते उत्तर न साठवण्याजोगे आहे अशी खूण करा आणि त्या खुणेला दोन मिनिटांची मुदत द्या. व्हार्निश ती खूण लक्षात ठेवतो आणि तेवढ्या काळात त्या पत्त्यासाठी रांग लावत नाही. मेमरी वाढवल्यावर तुमची लक्षणे गेली होती असे तुम्ही वर लिहिले आहे. मेमरी वाढवण्यासाठी तेव्हा रीस्टार्टही झालेच असणार, तेव्हा नेमके कशामुळे बरे वाटले ते एकदा तपासून पाहा.

कंदील
रीस्टार्ट झाले होते, हे खरे. तपासतो आणि कळवतो.

उत्तररात्र
आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. पर्ज दोन्ही यंत्रांना स्वतंत्रपणे जाऊ लागल्यापासून शिळ्या पानाची एकही तक्रार आलेली नाही. ५०३ मात्र चालूच आहे. तीन रात्रींत लॉगमध्ये १७ नोंदी मिळाल्या आणि सगळ्या एकाच साच्याच्या आहेत.

प्रत्येक वेळी विनंती पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) प्रकारची आहे, गेट (पान मागणारी) एकदाही नाही. प्रत्येक वेळी मागच्या सर्व्हरशी नवे कनेक्शन न उघडता आधीचेच पुन्हा वापरल्याची नोंद आहे. त्यानंतर लगेच फेच-एररची ओळ आहे: "एचटीटीपी फर्स्ट रीड एरर: ईओएफ". विनंती पाठवल्यापासून ही ओळ येईपर्यंत एक मिलिसेकंदही लागलेला नाही, म्हणजे हा वाट पाहून आलेला टाइमआउट नाही. अपाचीच्या अॅक्सेस लॉगमध्ये या १७ पैकी एकही विनंती दिसत नाही.

लॉगवाचक
तुमच्या अपाचीमध्ये कीप-अलाइव्ह-टाइमआउट, म्हणजे रिकामे कनेक्शन उघडे ठेवण्याचा काळ, किती आहे? आणि या १७ विनंत्या कोणत्या पत्त्यावर जात आहेत?

उत्तररात्र
टाइमआउट कधी बदललेला नाही, म्हणजे मूळचाच ५ सेकंद. सतराही विनंत्या संपादकांच्या लेखनाच्या पानाच्या आहेत. लिहीत असताना मसुदा आपोआप जतन करण्याची ती विनंती आहे. आत्ता कोड पाहिला. ती दर ५ सेकंदांनी जाते.

लॉगवाचक
सापडले.

सविस्तर लिहितो, कारण हे पुन्हा कोणाच्या तरी वाट्याला येणारच आहे. व्हार्निश मागच्या सर्व्हरशी उघडलेले कनेक्शन काम झाल्यावर लगेच बंद करत नाही. पुढच्या विनंतीसाठी ते बाजूला ठेवतो आणि स्वतःच्या हिशेबाने ६० सेकंद वापरायला तयार असतो. अपाची मात्र त्याच कनेक्शनवर ५ सेकंद काही आले नाही की ते बंद करतो. एरवी यात काही बिघडत नाही. अपाचीने बंद केल्याचा निरोप व्हार्निशला पोहोचतो आणि तो ते कनेक्शन टाकून देतो. अडचण फक्त त्या एका क्षणाची आहे, जेव्हा अपाचीने दार लावले आहे, निरोप अजून वाटेत आहे आणि व्हार्निशने त्याच वेळी त्या कनेक्शनवर नवी विनंती पाठवली आहे. त्याला उत्तराऐवजी शेवट मिळतो, म्हणजे ईओएफ. अपाचीने ती विनंती वाचलेलीच नसते, म्हणून त्याच्या लॉगमध्ये काही दिसत नाही.

हा क्षण इतका छोटा असतो की अनेक ठिकाणी तो कधी गाठलाही जात नाही. तुमच्याकडे मात्र रात्री एकटा संपादक लिहीत बसलेला असतो आणि त्याचा मसुदा दर ५ सेकंदांनी, म्हणजे अपाची दार लावतो त्याच ठोक्याला, दारात येऊन उभा राहतो.

नवी_पालवी
पण मग गेट विनंत्यांना हे का होत नाही? त्याही त्याच कनेक्शनांवरून जात असतील.

लॉगवाचक
त्यांनाही होते, पण आपल्याला दिसत नाही. पुन्हा वापरलेले कनेक्शन असे अचानक संपले आणि उत्तराचे एकही अक्षर आले नसेल, तर व्हार्निश तीच विनंती आपणहून आणखी एकदा पाठवून पाहतो. वाचकाला काही कळत नाही. पोस्टमध्ये विनंतीसोबत मजकूर असतो. तो येईल तसा पुढे पाठवून झालेला असतो आणि व्हार्निशकडे उरलेला नसतो, म्हणून त्याला दुसरी संधी घेता येत नाही आणि तो ५०३ देतो.

दुसरी_बाजू
पोस्टचा मजकूर आधी पूर्ण साठवून घेण्याची सोय व्हार्निशमध्ये आहे. मग तोही पुन्हा पाठवता येईल आणि प्रश्न मिटेल.

शेवटची_ओळ
मसुद्यासाठी चालेल, पण सरसकट सगळ्या पोस्टसाठी मी ते करणार नाही. कनेक्शन तुटले म्हणजे विनंती वाचली गेली नाही असे दरवेळी म्हणता येत नाही. सर्व्हरने काम पूर्ण करून उत्तर देण्याआधीच तो पडला असेल, तर दुसऱ्यांदा पाठवलेली विनंती तेच काम दुसऱ्यांदा करेल. २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकातही हेच सांगितले आहे की, ज्या विनंत्या दोनदा केल्याने परिणाम बदलू शकतो त्या आपोआप पुन्हा पाठवू नयेत. त्यापेक्षा मुळातला क्षणच काढून टाकावा.

लॉगवाचक
बरोबर. जो विनंती पाठवतो, त्यानेच आधी कनेक्शन सोडावे. व्हार्निशचा बॅकएंड-आयडल-टाइमआउट, म्हणजे वरचा ६० सेकंदांचा काळ, ४ सेकंद करा किंवा अपाचीचा कीप-अलाइव्ह-टाइमआउट ६० च्या वर न्या. अपाची इव्हेंट पद्धतीने चालत असेल तर दुसरा उपायही चांगला आहे. प्रीफोर्क असेल तर रिकामे बसलेले प्रत्येक कनेक्शन एक अख्खी प्रोसेस अडवून ठेवते, तिथे पहिलाच बरा. व्हार्निशचे हे मूल्य चालू असताना बदलता येते. फक्त ते सुरुवातीच्या आज्ञेतही लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला ते परत ६० होईल.

पायवाट
यावरून रीस्टार्टचे कोडेही सुटते. कॅश रिकामा असताना सगळी रहदारी मागे जाते, म्हणून कोणतेही कनेक्शन ५ सेकंद रिकामे राहत नाही आणि तो घातक क्षण येत नाही. कॅश भरत गेला की मागची रहदारी आटते, कनेक्शन रिकामी पडून राहतात आणि ५०३ परत येतो. म्हणजे कॅश जितका चांगला चालेल तितका हा दोष अधिक दिसेल. उत्तररात्र, वरिष्ठांना एवढा परिच्छेद दाखवला तरी रोजच्या रीस्टार्टचा विचार ते सोडतील असे वाटते.

कंदील
तपासले. मेमरी पूर्वीइतकी केली आणि न्यूक्ड आठवडाभर शून्य राहिला. खासगी पानांची शून्य मुदत काढून दोन मिनिटांची खूण लावली, आणि दुपारच्या गर्दीत जी पाने रेंगाळायची ती आता रेंगाळत नाहीत. माझी पहिली सूचना मी मागे घेतो.

उत्तररात्र
व्हार्निशच्या दोन्ही यंत्रांवर मूल्य ४ सेकंद केले आणि सुरुवातीच्या आज्ञेतही लिहिले. आज दहावी रात्र आहे. गाळणी लावलेली लॉगची फाइल अजून रिकामी आहे. या दहा रात्रींत एकदाही रीस्टार्ट केलेले नाही आणि वरिष्ठांनी ती सूचना कामांच्या यादीतून काढली आहे.

एक काम राहिले आहे. बारकावे यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले तर आमच्या एका सर्व्हरला प्रोबच लावलेला नाही. तो उद्या दिवसा लावतो. काल रात्री ज्यांचा मसुदा पूर्वी हरवायचा त्या संपादक ताई पहाटे दोनपर्यंत लिहीत होत्या, आणि लॉगमध्ये त्यांच्या एक हजाराहून अधिक पोस्ट ओळीने २०० (यशस्वी) उत्तराच्या आहेत.